सातवी पाटी

नोव्हेंबर उजाडला की कन्सेप्सिऑनमध्ये
माझ्या छापखान्याला झोप नसते.
डिझाइनची पोरं पेनड्राइव्ह ताइतासारखा गळ्यात घालून येतात.
फाइलींची नावं ठरलेली: शेवटची, शेवटची-खरी,
शेवटची-खरी-आता-हात-लावू-नका.
मी काळा जरा उतरवतो, कडेला तीन मिलिमीटर सोडायला सांगतो,
आणि कुणाच्या प्रकल्पावर मत देत नाही.
छापणाऱ्यानं वाचू नये. वाचलं की चुका दिसतात.

आइलिन कात्रिलेओ मार्चपासून येत होती.
स्वतंत्र प्रकल्प: विषय आपला, वेळापत्रक आपलं,
अडलं तर भिंतीवर आपटायचं डोकंही आपलंच.
तिच्या गावात रस्ता संपतो तिथे होड्या सुरू होतात.
लाट आली तर कुठे पळायचं, त्याच्या चोवीस पाट्या.
माणूस, जिना, बाण.
बाणाचे तिनं चाळीसेक नमुने काढले.
जाड, बारीक, टोकाशी किंचित वाकलेला.
एक तर इतका देखणा
की त्याच्यामागून कुठेही जावंसं वाटावं,
समुद्रातसुद्धा.
हे मी बोललो नाही.

आधी सहाच छापल्या. सातवी वाकडी कापली गेली, ती माझ्याकडे राहिली.
आठवड्यानं ती परत आली.
एक पाटी एर्मेलिंदाबाईंनी खांबावरून उतरवून
तिच्यावर मासे कापायला घेतले होते:
"गुळगुळीत आहे गं, सुरी छान चालते."
दुसरी वाऱ्यानं फिरली, बाण थेट धक्क्याकडे,
आणि सरावाच्या दिवशी पहिली-दुसरीची मुलं
हातात हात घालून, शिस्तीत,
पाण्याकडे निघाली.
सांगताना ती हसत होती. मग हसायची थांबली.

"आणि रात्री तर दिवेच जातात," ती म्हणाली.
"माझं काम दिसणार कुणाला?"

मी सुरीला धार लावत होतो. लावत राहिलो.
माझं पहिलं मशीन तालकाउआनोच्या एका गल्लीत होतं.
फेब्रुवारीतली रात्र, साडेतीनचा सुमार,
भिंत चाचपत मी चढावर गेलो होतो.
कुठली भिंत, कुणाची, अजून सांगता येत नाही.
तिला एवढंच म्हणालो, "पायात काही नव्हतं माझ्या."
तिनं ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघ ओढली.

उरलेल्या अठरा पाट्या रद्द.
ती आता रंगाच्या डब्यात वाळू कालवू लागली.
कुठली वाळू तळव्याला कळते, कुठली नुसती खरचटते,
याच्या नोंदी, टाइपांची मापं लिहावीत तशा.
जिन्याच्या उजव्या अंगानं खरखरीत पट्टा,
वळणाआधी दोन आडव्या रेघा,
वर पोचलं की गुळगुळीत.
बस. गावानं तळपायानं गिरवायची एक ओळ.

डिसेंबरात परीक्षक बसले. मीही मागे उभा, बिलाचं निमित्त.
"पदवी दृश्य संवादाची," एकजण चष्मा पुसत म्हणाले,
"यात दृश्य काय?"
तिनं उत्तर पाठ केलं असणार. ऐनवेळी आठवलं नाही.
सगळ्यांना बूट काढायला लावले आणि दिवे मालवले.
कुणीतरी खुर्चीवर आपटलं.
अंधारातून एका बाईंचा आवाज, जरा लाजल्यासारखा:
"इथे वळण आहे."
दिवे लागल्यावर सगळे आपापले बूट शोधत राहिले,
गरजेपेक्षा जास्त वेळ.

सातपैकी पाच पूर्णांक दोन.
शेरा: अक्षररचनेचा विचार अपुरा.
ती चिडली नाही. भूक लागली म्हणाली.

वाकड्या पाटीनं मी दुकानाचं दार अडवून ठेवतो.
गिऱ्हाइकं बाणाकडे बघून विचारतात, वर काय आहे?
काही नाही, पोटमाळा. कागद ठेवतो.
रात्री शटर ओढल्यावर मात्र कधीकधी
बूट काढून, दिवा न लावता
वर जातो.
बारा पायऱ्या. अजून रंगवल्या नाहीत.