नऊ दिवस

पाच हौदांच्या देवळामागच्या खोलीत
उपासना सुटली की आमचा वर्ग भरायचा.
पाटोळे मास्तर
आठवडाभर खडकीच्या फॅक्टरीत काडतुसं मोजायचे
आणि रविवारी आम्हाला संत मोजून द्यायचे.
एका रविवारी एकच.
जास्त पचत नाहीत, म्हणायचे.

पहिला आठवतो तो शिपाई, मार्टिन.
वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यासाठी
तलवारीनं आपला झगा मधोमध कापणारा.
भिंतीवरच्या चित्रात घोडा फार देखणा होता,
भिकाऱ्याचा चेहरा कसरीनं खाल्लेला.
"अर्धाच का?" बर्थानं विचारलं.
रणभिशांची बर्था. तिला कधीच काही पटायचं नाही.
"अख्खा का नाही दिला?"
मास्तरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"अर्धा सरकारी होता, असं म्हणतात.
जेवढा स्वतःचा, तेवढा दिला.
आता घरी जा आणि बघा,
तुमचं तुमचं असं किती आहे."

घरी जाऊन मी बघितलं.
एक कंपास, सात गोट्या,
थोरल्याचा उतरलेला स्वेटर.
तो माझा की त्याचा
हे आईला विचारायचं राहूनच गेलं.

मग लॉरेन्स आला.
मंडळीचा खजिना दाखव, म्हणाले,
तर लंगडे-आंधळे आणून उभे करणारा.
पेत्राच्या रविवारी मोमीनपुऱ्यातला कोंबडा
भर अकरा वाजता आरवला.
आम्ही हसून लोळलो.
मास्तर हसले नाहीत.

आणि एकदा त्यांनी पुस्तक आणलंच नाही.
कपाटातून दफनाचं जुनं रजिस्टर काढलं,
फुंकर मारली, बोट ठेवलं:
राहेल कसोटे. बायबल-बाई. वय चौतीस. प्लेग.
बस, एवढीच ओळ.
बाकीचं त्यांना आजीनं सांगितलेलं.
छावणीत पहिली गाठ हाताला लागली
तशी राहेल रात्रीतून पळाली,
दिवे घाट चढून सासवडला, बहिणीकडे.
नऊ दिवस नुसती दळत बसली.
दहाव्या दिवशी जात्यात दाणे तसेच टाकून
उठली, आणि तोच घाट उतरली.

"घाबरली नाही असं लिहू नका," मास्तर म्हणाले.
"परत आली, हे लिहा.
आणि ते नऊ दिवस खोडू नका.
तिच्या चरित्रातले तेवढेच
आपल्याला झेपतील असे आहेत."
मी वहीत लिहिलं: सासवड.
पुढे काय लिहायचं ते कळलं नाही.

यंदा जानेवारीत बर्थाचा फोन आला.
मास्तर ससूनमध्ये आहेत, तिसरा मजला.
येतो म्हणालो.
बंडगार्डनकडे जाताना रोज ती दगडी इमारत दिसायची
आणि रोज सिग्नल नेमका हिरवा असायचा.
त्याच जिन्यावरून आम्ही वडिलांना
चादरीत खाली आणलं होतं.
लिफ्ट बंद होती, आणि थोरला सारखा म्हणत होता,
सांभाळून, सांभाळून,
जणू त्यांना लागणार होतं.

गेलो शेवटी.
मास्तर उशीएवढेच उरले होते.
"कितवा दिवस?"
"चौदावा."
"राहेलपेक्षा पाच जास्त," म्हणाले,
आणि खोकला येईतो हसले.
मग स्टूल दाखवलं. बस.

मी काही विचारायला आलो होतो बहुतेक.
उशाला कुणी ठेवलेलं मोसंबं होतं,
ते त्यांनी थरथरत्या नखांनी सोललं,
मी घेऊ लागलो तर हात झटकला.
पुष्कळ वेळ लागला.
मधोमध उकललं, अर्धं माझ्या तळहातावर ठेवलं,
उरलेलं चादरीखाली लपवत म्हणाले,
"हे सरकारी आहे."