कोरडं वजन

चपला दाराबाहेर काढून आत आले भूपाल मगदूम.
मी म्हटलं, घालून या, फरशी गार आहे.
पायावर पट्ट्याची खूण रुतलेली,
अंगठ्याने दाबलं तर खळगा पडला
आणि भरून यायला त्याने वेळ लावला.

आधी काट्यावर उभे राहा, काका.
ते काट्याकडे बघतात, मग माझ्याकडे.
‘शून्य दाखवा अगोदर.’
पस्तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार,
मापात पाप केलं नाही आणि करू दिलं नाही.
मी शून्य दाखवते.
एकसष्ट किलो चारशे.
‘ह्यात पाणी किती?’

हाच तर प्रश्न, काका.
तुमचं कोरडं वजन अजून आम्हालाही ठाऊक नाही.
थोडं थोडं पाणी काढत शोधायचं ते,
सूज बघत, दम बघत,
रात्री किती उशा लागतात ते विचारत.
‘म्हंजे वाळवणच की.
ओली हळद वजनात खोटं बोलती, सिस्टर.
मी हळकुंड मोडून आवाजावर सांगायचो.’

मानेतल्या नळीचं ड्रेसिंग सोडते.
मास्क वर घ्या, तोंड भिंतीकडे, बोलू नका.
बोलणं थांबलं
तेव्हा पहिल्यांदा कळलं मला, किती घाबरलेत.

आज दोनच तास. पंपही हळू ठेवलाय.
डोकं दुखलं, मळमळलं, पोटरीत गोळा आला, लगेच सांगायचं,
सोसायचं नाही.
लाल रेघ नळीतून सरकत यंत्राकडे गेली.
‘परत येतं न्हवं सगळं?’
येतं.
‘मोजून?’
मोजून.

काचेबाहेर राजमतीबाई, मांडीवर उकळलेल्या पाण्याचा तांब्या.
त्यांना मी आधीच समजावलंय:
काल लघवी झाली तेवढं, वर अर्धा लिटर,
चहा-आमटी त्यातच धरायची.
भाजी उकळून पाणी ओतून द्यायची. शहाळं नाही, केळं नाही.
त्या म्हणाल्या, पर्युषणात आठ-आठ दिवस
निव्वळ पाण्यावर काढलेत ह्यांनी, हे काय अवघड.
ते आतून म्हणाले होते,
‘उपासाला पारणं असतंय.’
नर्सिंगच्या पुस्तकात ह्यावर काही नव्हतं.
मी बर्फाचा खडा चघळायचं सांगितलं, तोही मापात धरून.

आणि हा डावा हात आता राखायचा,
पुढे इथंच फिस्टुला करतील.
सुई नाही, बीपी नाही, पिशवी अडकवायची नाही.
त्यांनी तो उचलून पाहिला,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

तासाभराने थंडी वाजली.
चादर गळ्यापर्यंत ओढताना
चादरीखाली त्यांनी माझी बोटं धरली.
आधी दोन. मग सगळा पंजा. मग परत दोन.
‘सौदा असा व्हायचा पूर्वी, रुमालाखाली,
शेजारच्याला भाव कळू नये.
काय सांगितलं मी?’
नाही कळलं, काका.
‘तिला तोंडानं सांगा काय बी.
मला असं सांगा. किती वर्षं?’

अकरा वर्षं मी ह्या खोलीत आहे.
खिडकीजवळच्या खुर्चीत मिरजेच्या एक बाई आहेत,
त्यांचं नववं वर्ष, वह्या तपासत बसतात.
त्यांच्या आधी त्या खुर्चीत जो होता
त्याचं नाव मी घेत नाही.
चादरीखाली मी एकही बोट दाबलं नाही.
काढूनही घेतलं नाही.
दुसऱ्या हाताने बीपी लिहिलं: एकशे अठरा, सत्तर.

उतरताना पुन्हा, ‘शून्य दाखवा.’
साठ किलो सहाशे.
‘आठशेची घट,’ म्हणाले, यार्डातल्या आवाजात.
उद्या सातला या. तीन तास लागतील.
घरची जाड चादर आणा.

दारात वाकून चपला घातल्या.
पट्टा बरोबर सकाळच्याच खुणेवर बसला.