डावीकडे, एक सुटला

जून उजाडला तरी पाणी मांड्या कापतं.
सुपिरियरवरून येणारा वारा अजून बर्फाच्या गप्पा सांगतो.
मी रेइनोची रबरी विजार चढवते, दोन मापं मोठी,
कमरेला दोरी, दोरीला तरंगतं घमेलं,
आणि धक्क्याच्या शिडीवरून तळ्यात उतरते.
चौथी पायरी सैल आहे. रेइनो दरवर्षी सांगतो.
दरवर्षी मला माहीत असतं.

तो वर बसतो, उपड्या बादलीवर.
डॉक्टरांनी त्याला घोटाभर पाण्याचीही बंदी केली आहे,
हुकूम सोडण्याची नाही.

दाताळं लांब दांड्याचं. दोन दात त्यानेच जोडलेले,
बाकीच्यांहून जाड.
तळाला टेकवायचं, हलकेच फिरवायचं,
गवताला दातांभोवती गुंडाळू द्यायचं, मग ओढायचं.
घाई नाही. चिखल मूळ सोडतो ते हाताला कळतं,
पोराचा दुधाचा दात काढताना कळतं तसं:
नाही, नाही, नाही, मग एकदम हो.

तुटलं तर संपलं.
हे मिलफॉइल पेरापेराला जीव धरून असतं.
बोटभर तुकडा वाहत जातो
आणि कुणाच्या तरी बोटीखाली संसार थाटतो.
तोडशील तेवढं पेरशील.

"डावीकडे, लेम्पी. एक सुटला."
जाळी टाकते. तुकडा घमेल्यात.
"आणखी एक. दोरीच्या मागे."
म्हाताऱ्याची नजर घारीची.

पलीकडून ड्वेन कॉफीचा मग उंचावतो.
त्याने मे महिन्यात गोळ्या टाकल्या, वीस मिनिटांचं काम,
मग खांबाला पाटी: इतके दिवस पोहू नये.
त्याचं पाणी नितळ झालंय, मान्य.
भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीइतकं नितळ.
उरलेली अर्धी पिशवी तो मला देत होता.
चांगला माणूस. हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ तोच लोटतो.
मी म्हटलं, ड्वेन, दर शनिवारी सौनाच्या दगडांवर
आम्ही हेच पाणी ओततो.
वाफ होऊन जे छातीत शिरतं
ते मला नावानिशी ओळखता आलं पाहिजे.
तो हसला. पिशवी गॅरेजात परत गेली.

शिडीच्या पुढ्यात गोणपाट अंथरलंय, कडेने दगड.
खाली अंधार, वर चार हात पोहण्याइतकी जागा.
दोन-तीन उन्हाळ्यांत कुजतं, मग नवं.
त्यापलीकडे सनफिशने शेपटीने वाळू झाडून
ताटाएवढं घरटं केलंय.
तळहाताएवढा नर, माझ्या बुटाला धडका देतो.
तिथल्या गवताला मी हात लावत नाही.
होडी निघावी, पाय उतरावा, एवढंच आपलं.
बाकीचं त्याचं.

सातवं घमेलं. हे बटाट्याच्या वाफ्यावर जाईल,
आठवड्यात काळं पडेल, वास मारेल,
आणि ऑगस्टात कुणी विचारणार नाही बटाटे एवढे मोठे कसे.

"उजवीकडे," रेइनो म्हणतो. "मोठा आहे."
वळते. पाणी कोरं.
"तिथेच गं. पोरं पोहतायत ना, त्यांच्या पायाशी."

धाकटा पन्नाशीचा आहे, अलास्कात.
ड्वेनच्या रेडिओवर बेसबॉल चालू आहे, कुणीतरी धावतंय.
मी जाळी टाकते कोऱ्या पाण्यात,
खोल, नीट, पोरांना लागणार नाही अशी.
उचलते. निथळू देते. घमेल्यात उपडी करते.

"मिळाला?"
"मिळाला."
"मुळासकट?"
"मुळासकट."

तो मान हलवतो, समाधानाने,
आणि मी शिडीशी पोचते तेव्हा म्हणतो,
जपून, तिसरी पायरी सैल आहे.
मी तिसरीवरही जपून पाय ठेवते.