प्रतवारी

जूनमध्ये लोफोटेनला रात्र होत नाही.
मांडवांवरून कॉड उतरवतात, लाकडासारखा वाजणारा,
आणि गोदामात माझ्यापुढे ढीग पडतो.
मी एकेक उचलतो, गळ्यापाशी हुंगतो,
अंगठ्यानं पाठ दाबून बघतो
आणि फेकतो, ज्याच्या त्याच्या ढिगात.
इटलीचा ढीग. त्याखालचा. त्याच्याही खालचा.
यकृताचा डाग, थंडीनं फुटलेलं मांस,
बुरशी, वाकडा कणा:
एका माशाला तीन सेकंद.
एकतीस वर्षं हेच करतो आहे
आणि माझी चूक अजून कुणी दाखवलेली नाही.

मला मात्र त्यांनी अकरा मिनिटं दिली होती.

स्टाव्हांगरला, मिशनच्या लांब टेबलाशी
ते पाच जण, मी तेवीस वर्षांचा,
काकाचा कोट अंगात.
नायजेरियाला जायचं होतं. विचारलं, का?
उत्तर मला तोंडपाठ होतं.
प्र, प्र, प्र...
प्रभूचं नाव दातांमागे अडकून बसलं
आणि पाचही जण सभ्यपणे
टेबलाच्या लाकडाकडे बघू लागले.

पत्र नंतर आलं. भाषा चांगली होती.
परमेश्वर आपला उपयोग अन्यत्र करील.
अन्यत्र म्हणजे हे गोदाम.

दोन हिवाळे मी चर्चची पायरी चढलो नाही.
आई रविवारी बूट घालून दारात थांबायची,
मग काही न बोलता एकटीच चढणीला लागायची.
तिसऱ्या हिवाळ्यात बर्फ फार पडलं,
तिला हात द्यायला म्हणून गेलो.
तेवढंच. उजेडबिजेड काही पडला नाही.
मागच्या बाकावर बसून ऐकलं
की तो नाझरेथला गेला, स्वतःच्या गावी,
आणि गावानं त्याला कड्यापर्यंत ढकलत नेलं.
हे लहानपणापासून ऐकत आलो होतो.
त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं:
कड्यावरून परत फिरताना तो चालला कसा असेल,
ओळखीच्या चेहऱ्यांमधून वाट काढत,
ज्यांच्या दारांच्या चौकटी
त्यानंच ठोकून दिल्या असतील?

तेव्हापासून त्याच्याशी बोलतो. अडखळत.
प्र, प्र...
तो टेबलाकडे बघत नाही.
कधी एका वाक्याला अख्खा मोसम लागतो,
तेवढा थांबतो.

माशांची मुंडकी आम्ही इथे खात नाही.
दोरीत ओवून वाळवतो, पोत्यांत भरतो
आणि जहाजावर चढवतो. नायजेरियाला.
हसा खुशाल. मीही हसलो होतो
पहिलं पोतं शिवताना, एकटाच,
आणि मग ते हसू थांबेचना,
तोंडात तागाचे धागे गेले.

गेल्या साली माल बघायला ओबियागेली आली,
आबा शहरातली व्यापारीण,
अंगात एकावर एक दोन स्वेटर.
मी विचारलं, ही मुं... मुंडकी तिथे घेतं कोण?
प्रश्न पुरा होईतो ती थांबली.
म्हणाली, माझ्या लग्नाच्या रश्शात होती.
बापाच्या मयतीच्या जेवणातही होती.
पोराच्या बाप्तिस्म्याला तेवढी नव्हती, भाव चढला होता,
ते माझी नणंद अजून ऐकवते.

रविवारी ती आमच्याकडे आली उपासनेला.
गीताचा एक शब्द कळत नव्हता
तरी घसा फोडून गायली.
सगळं गाव वळून बघत होतं.
मी तिच्या शेजारीच बसून राहिलो.

ते पत्र अजून कपाटात आहे.
ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही.
त्यांनी आणखी तीन मिनिटं द्यायला हवी होती.
प्रभूला हे सांगून झालंय,
त्यानं वाद घातला नाही.

आज सकाळी एक मासा हाती लागला,
कणा वाकडा, बाकी निर्दोष.
तीन सेकंद गेली. मग आणखी काही.
मागून पोरगा ओरडला,
तोर्लाइफकाका, डोळा लागला की काय?

नाही रे.
हुंगतोय.