वाइनच्या पट्ट्या

ऑगस्ट सरत आला की वेल्दा दुकानातली सगळ्यात स्वस्त लाल वाइन आणते,
साखर घालून उकळते,
आणि घराला तीन दिवस गुत्त्याचा वास येतो.
जुन्या चादरीच्या पट्ट्या त्यात मुरवायच्या,
अंधारलं की किनाऱ्यालगतच्या वाळुंजांवर टांगायच्या.
सेहेचाळीस वर्षं.
वहीत तारीख, वारा, तापमान आणि आकडा.

शेजारचा राइगो बॅटरी धरतो. काचेवर तांबडा कागद,
पांढऱ्या उजेडाला पाखरं बिचकतात म्हणून.
कुठंय? तो विचारतो.
नाकासमोरच असतं.
साल म्हणावी तर साल, गोणपाटाची चिंधी म्हणावी तर चिंधी,
सोंड रुतवून पीत बसलेली.

वेल्दा गवताची काडी त्याच्या खांद्याला लावते.
पुढचे पंख सरकतात. राइगोला काहीच दिसत नाही,
नुसतं फिकट.
कागद काढ, ती म्हणते,
तांबड्या उजेडात तांबडं दिसत नाही रे.

मग दिसतं. पिंजर,
पिंजरीवर काजळाचे दोन पट्टे.
तो एक पाऊल मागं सरतो, बॅटरी वाळूत पडते.

लपवून ठेवतं का ते?
लपवतं कुठलं. निजताना पांघरतं.
पक्षी आला की उघडतं, पक्षी दचकतो,
मग त्या तांबड्याचाच पाठलाग करतो.
हे झाडाला टेकतं, पंख मिटतं.
पक्षी तांबडं शोधत बसतो
त्याच झाडावर.

दिवा का नाही लावत, हेही तो विचारतो.
इथं दिव्याला बंदी होती, ती सांगते.
शिपाई संध्याकाळी दाताळ्यानं वाळू विंचरून जायचे,
सकाळी पावलं मोजायला यायचे.
माझीही मोजली एकदा. बूट कोणते, विचारलं.

मार्चमधलं मात्र ती सांगत नाही.
याद्या घेऊन ट्रक आले तेव्हाचं.
कुणीतरी खूण दिली होती: लाल शालीची बाई.
साल्मेनं गोठ्यात शाल सोडली,
तीन वर्षांच्या पोरीला तिच्यात गुंडाळलं,
वरून बटाट्याचं पोतं,
आणि ते पाठीवर घेऊन ट्रकच्या पुढूनच रस्ता ओलांडला.
एका शिपायानं बाजूला होऊन वाट दिली.
वेल्दाला यातलं आठवतं ते एवढंच:
ओली लोकर, आणि दातांत आलेली माती.
बाकीचं दुसऱ्यांनी सांगितलेलं,
आणि दरवेळी थोडं वेगळं.

शेवटच्या झाडावरचं पाखरू तळहाताएवढं.
काडी लावायच्या आधीच उडालं.
निळं होतं! राइगो ओरडतो, निळं, मी पाहिलं!
वेल्दानं पाहिलेलं नाही. ती पट्टी पिळत होती.
लिही मग, ती म्हणते, आणि वही त्याच्याकडे देते.

तो बॅटरी दातात धरून लिहितो.
त्या शब्दातलं एक अक्षर चुकतं.
ती दुरुस्त करत नाही.