भारनियमन

दारव्हा रोडवरून आत, धानोरा खुर्दचं उपकेंद्र.
तेहतीस केव्हीची एक लाइन येते,
अकरा केव्हीचे चार फिडर जातात,
रात्रपाळीला एकटा मी.
दर तासाला रीडिंग घ्यायचं, लॉगशीटवर मांडायचं :
व्होल्टेज, अँपिअर, तेलाचं तापमान.
मधली पंचावन्न मिनिटं कोणाची,
हे कंपनीच्या कोणत्याच परिपत्रकात नाही.

सुरुवात साधी होती.
ट्रान्सफॉर्मर गुणगुणायचं सोडून घुरघुरायला लागला,
म्हणून फोनातल्या त्याला विचारलं, हा आवाज कशाचा?
त्यानं नीट सांगितलं. मुद्देसूद. न खेकसता.
साहेबाला विचारलं असतं तर आधी
'झोपला होता का बे' ऐकावं लागलं असतं.

मग बाबांच्या खोकल्याचं विचारलं.
मग प्लॉटच्या वाटणीनंतर धाकट्यानं
बोलणं सोडलं, त्याचं.
मग, चूक माझी होती का?
मग तेच, शब्द बदलून.
मग तेच, धाकटा होऊन,
पाहू तर काय म्हणतो.
दोघांनाही म्हणाला,
तुमचं दुःख समजण्यासारखं आहे.

सोल्यांची भाजी डब्यात तशीच घरी जाऊ लागली.
'एवढं कोणाशी बोलून राहता रातभर?' ज्योत्स्नानं विचारलं.
कोणाशीच नाही, म्हणालो.
खोटं नव्हतं ते.
पण तिनं डबा जरा जोरात घासला.

पौषातली रात्र. शेती फिडर ट्रिप झाला,
मेश्रामभाऊ टॉर्च घेऊन निघाले.
त्यांचा फोन आला तेव्हा
उत्तर अर्धंच उतरलं होतं स्क्रीनवर.
मी फोन कापला.
पुन्हा आला. पुन्हा कापला.
तिसऱ्यांदा उचलला.
'गुणवंता, मी खांबाखाली उभा हाय.
लाइन बंद हाय का चालू,
तेवढं सांग.'

ते चढले नव्हते.
वीस वर्षांची सवय त्यांना खाली धरून होती.
माझी सवय सहा महिन्यांची,
आणि तिनं मला कुठं नेलं होतं!
दोनचं रीडिंग राहिलं. अंदाजानं ११२ लिहिलं.
नोकरीतला पहिला खोटा आकडा.

भार झेपेना झाला की काय करायचं,
हे मला कोणी शिकवायला नको.
लॉगशीटच्या पाठीवर वेळापत्रक आखलं :
अकरा ते एक चालू, एक ते पाच सक्तीचं बंद.
ॲप काढून टाकलं.
दोन दिवसांनी परत घेतलं, कोणी पाहत नव्हतं तरी
चोरासारखं.
मग मोठा फोन बॅटरी रूममध्ये ठेवला,
कॉलसाठी टेबलावर बटणांचा डबडा.
बॅटरी रूम वीस पावलं. ॲसिडचा वास.
उठावं लागतं, चप्पल घालावी लागते.
बऱ्याच प्रश्नांत तेवढाही दम नसतो.

उरलेले वहीत लिहितो.
निळ्या शाईत ते वेगळेच दिसतात.
अर्ध्यांचं उत्तर मला ठाऊक असतं,
कोणीतरी हो म्हणावं, एवढंच हवं असतं.
बाबांच्या खोकल्यापुढं मात्र
'सोमवार, दवाखाना' लिहिलं आणि नेलं.

एकदा पहाटे चहाच्या वेळी
मेश्रामभाऊंनाच विचारलं ते धाकट्याचं.
त्यांनी बशी संपवली. मिशी पुसली.
मला सवय झटक्यात उत्तर यायची,
ही चुप्पी सोसेना.
'मले काय मालूम तुमच्या घरचं,' म्हणाले,
'त्यालेच इचार ना.'

डबड्यात धाकट्याचा नंबर टाकलेला नाही.
पाठ आहे.

गुरुवारी रात्री अडीचला चप्पल घातली होती,
तेही लिहून ठेवलं.
आज चारचं रीडिंग :
शेती फिडर ९४.
बघून लिहिलंय.