नाकच जड

कुंकळ्ळीच्या चितारवाड्यात तेव्हा वीज नव्हती.
आमचा चरक म्हणजे दोन खुंट, मधे लाकूड,
लाकडाला दोरीचे तीन वेढे
आणि दोरीच्या दोन्ही टोकांना मी.
डावं ओढलं की लाकूड इकडे फिरे, उजवं ओढलं की तिकडे;
फोंडूकाकाची पटाशी फक्त इकडच्या फेरीत चावे,
तिकडच्या फेरीत काका श्वास घेई.

पाळण्याचे खांब, पाट, भातुकलीची जाती.
आणि एका मे महिन्यात असोळण्याचा कायतान तारवटी,
हातात हॅट, खिशात एक चित्र,
इतक्या बंदरांत उघडून मिटलेलं
की घडीच्या रेघेनं एक पंख खाल्लेला.

"तेहतीस साली सान पेद्रोला बोट लागली," तो म्हणाला,
"कुणीतरी म्हणालं, विमानांची शर्यत आहे, चल.
मैदानात उंच मनोरे, सोंगट्यांच्या पटासारखे रंगवलेले,
आणि त्यांना वळसे घालत ही भुतं
इतक्या खालून, की माझी हॅट उडाली.
मी ती शोधली नाही.
ही दुसरी."

काकानं चित्र उजेडाला धरलं.
विमान कसलं, फेणीचं पिंप!
पुढे पिंपाच्या तोंडाएवढं इंजिन,
पंख असे की देताना कुणी हात आखडला असावा,
आणि माणूस?
माणूस पार शेवटी, शेपटीच्या मुळाशी,
गाडीत जागा नाही म्हणून मागे पाय सोडून बसलेल्या
पोरासारखा.

"हें उडटा?"

उडायचं, कायतान म्हणाला. असली विमानं
कुठे गोदामात, कुठे बंद पडलेल्या नाचघरात
भाऊ-भाऊ मिळून ठोकायचे म्हणे,
कर्ज काढून, बायकांचं ऐकून न ऐकल्यासारखं करून;
आणि एका साली असल्याच एकानं
लष्कराच्या विमानांना धूळ चारली,
तेव्हा मोठमोठे जनरल आपापल्या बुटांकडे बघत होते.

शिवणीचं लाकूड लावलं. मी दोरी ओढली.
तसं पोट चरकावर आपसूक यावं असंच होतं ते,
जणू तिकडचा तो कारागीरही
आधी कुणाची तरी दोरी ओढून मोठा झालेला.
फिरत्या लाकडावर काकानं लाखेची कांडी टेकली,
लाल वितळून पसरलं, मागून पांढरं,
वरून केवड्याचं पान दाबलं
आणि त्या चकाकीत मला माझे दात दिसले.
पंख पांगाऱ्याचे, हलके.
माणसाचं डोकं काळ्या लाखेचं, मिरीएवढं.

मग काकानं ते बोटावर तोललं.
बोट पुढे सरकलं, आणखी पुढे,
पार गळ्याशी गेलं तेव्हा कुठे विमान थांबलं.
"नाकापेक्षा मोती जड, हे ऐकलंय," काका म्हणाला,
"इथं नाकच जड.
कायतान, हे सरळ जाईल बाणासारखं.
वळताना?"

कायताननं हॅटची कड बोटांतून फिरवली,
एक पूर्ण फेरी.
"तिसऱ्या मनोऱ्याशी," तो म्हणाला.
आणि थोड्या वेळानं,
"ते डोकं काढ."

काकानं नखानं काढलं. खळगा उरला, त्यात थोडा डिंक.
कायताननं पैसे मोजले, दोनदा,
विमान पंचात गुंडाळलं आणि वेर्ड्याच्या वाटेनं गेला,
उन्हात, हॅट काखेत.

आता माझा चरक विजेवर.
लाकूड एकाच दिशेनं फिरतं, पटाशी सारखी चावते,
श्वास घ्यायचा तर बटण दाबावं लागतं.
दाबोळीकडे उतरणारी विमानं गिऱ्हाईकं आणतात,
त्यांना बाहुल्या हव्या असतात, लाल, स्वस्त.
लाखेच्या कांड्यांच्या डब्यात तळाशी
ते मिरीएवढं डोकं अजून आहे.
कांडी शोधताना मधेच बोटाला लागतं.
नाक, डोळे काही काढलेले नाहीत,
तरी मी ते नेहमी
तोंड वर करून ठेवतो.